आधी एक त्रिकोण

तयार इंजिनं फुकट मिळत असताना स्वतःचं कशाला लिहायचं, हा प्रश्न मला आजवर सगळ्यांनी विचारला आहे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मावसभावानं विचारला, वर्गातल्या मैत्रिणींनी विचारला, प्रकल्पाचा विषय मंजूर करणाऱ्या सरांनीही विचारला. "अगं, युनिटी शीक, नाहीतर गोडो शीक. गेमच करायचाय ना तुला?" असं दादा म्हणाला, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. अर्जेंटिनातल्या दोघांनी उभं केलेलं गोडो २०१४ पासून सर्वांसाठी खुलं आहे. त्यात उडी मारणारा नायक एका दुपारीत चालायला लागतो. मला ते वापरता येतं आणि आवडतंही. पण मला गेमच्या खाली काय आहे ते हवं होतं.

इंजिन म्हणजे गेमचा खेळणाऱ्याला कधीच न दिसणारा भाग. गोष्ट, पात्रं, चित्रं, संगीत हे सगळं त्याच्यावर उभं राहतं. वेळ पुढे सरकवायची, कोणती वस्तू कुठे आहे ते लक्षात ठेवायचं, दोन वस्तू आदळल्या का ते ठरवायचं, त्यांच्यावर उजेड पाडायचा, कळ दाबली की दखल घ्यायची, ही त्याची कामं. बाहेरच्या जगात हे सगळं आपल्याला जन्मासोबत आयतं मिळतं. भिंत आडवी का येते, हे कुणाला शिकावं लागत नाही. इंजिन लिहायला बसलं की यातलं काहीच हाताशी नसतं, आणि प्रत्येक गोष्ट नेमकी काय आहे हे आयुष्यात पहिल्यांदा विचारावं लागतं. नकाशे, भूमिती, जुन्या शोधांच्या कहाण्या, प्रोसेसरच्या पोटातली रचना, मराठी अक्षरांची वळणं, असे माझे एकमेकांशी संबंध नसलेले नाद या एका कामात एकत्र आले.

सुरुवात त्रिकोणानं होते. ग्राफिक्स कार्डाला घर, झाड, डोंगर यातलं काही कळत नाही. त्याला त्रिकोण कळतो. कारण साधं आहे. अवकाशातले कुठलेही तीन बिंदू घेतले तरी ते एकाच सपाट पृष्ठावर बसतात. चौथा आला की ती खात्री संपते. कार्डाशी बोलायच्या साधनांपैकी ओपनजीएलमध्ये हा एक त्रिकोण काढायला शंभरएक ओळी लागतात, वल्कनमध्ये हजाराच्या आसपास. खिडकी उघडायची, कार्डाच्या मेमरीत जागा मागायची, बिंदूंची यादी तिथे पाठवायची, आणि दोन शेडर लिहायचे: एक प्रत्येक बिंदू पडद्यावर कुठे पडेल ते सांगणारा, दुसरा प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगणारा. यातली एखादी कडी सुटली तर बहुतेक वेळा तक्रारीचा संदेशही येत नाही, पडदा नुसता काळा राहतो. म्हणून पहिला त्रिकोण उमटतो तेव्हाचा आनंद बघणाऱ्याला समजावून सांगता येत नाही. मी त्याचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी लिहिलं, "छान. आता याच्यापुढे काय?" इतका योग्य प्रश्न मला कॉलेजातही कुणी विचारला नव्हता.

त्रिकोणाच्या पुढे वेळ येते. इंजिनाच्या गाभ्याशी एक लूप असतं. कळा वाच, जग थोडं पुढे ने, चित्र काढ, आणि पुन्हा पहिल्यापासून. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्राला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, आणि सगळं त्यात बसवावं लागतं. पण हे लूप एका लॅपटॉपवर भराभर फिरतं, दुसऱ्यावर रेंगाळतं. मग नायकानं प्रत्येक फेरीला एक पाऊल टाकायचं ठरवलं, तर वेगवान यंत्रावर तो पळत सुटेल. जुन्या काळी कित्येक गेम असेच प्रोसेसरच्या वेगाला बांधलेले होते. त्या काळच्या संगणकांवर टर्बो नावाचं बटण असायचं, आणि जुने गेम खेळता यावेत म्हणून त्यानं यंत्राचा वेग उतरवता यायचा.

यावरचा सरळ उपाय म्हणजे मागच्या चित्रापासून किती वेळ गेला ते मोजायचं आणि तेवढंच जग पुढे न्यायचं. त्यातही खोच आहे. सेकंदाला २० मीटर वेगानं जाणारा चेंडू एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत ३३ सेंटीमीटर पुढे जातो. मध्ये १० सेंटीमीटरची भिंत असेल तर चेंडू आत्ता अलीकडे आणि पुढच्या क्षणी पलीकडे असू शकतो. भिंतीला तो स्पर्शच करत नाही, कारण मधल्या क्षणी जगच नव्हतं. यंत्र अडखळलं तर हे पाऊल आणखी लांब पडतं. ग्लेन फिडलर या प्रोग्रामरनं २००४ साली यावर लिहिलेला लेख इंजिन लिहिणारे आजही वाचतात. त्याचा सल्ला असा, की जग नेहमी ठरावीक, समान पावलांनीच पुढे न्या; उरलेला वेळ शिल्लक म्हणून पुढच्या फेरीसाठी जमा ठेवा; आणि चित्र काढताना मागची आणि आत्ताची स्थिती यांच्या दरम्यानची जागा काढून दाखवा. म्हणजे खेळणाऱ्याला जी सलग चाल दिसते, ती दोन ठाम क्षणांमधला अंदाज असते. हे समजल्यापासून वेळ ही मला वाहणारी गोष्ट वाटत नाही. कुणीतरी जबाबदारीनं सांभाळलेला हिशोब वाटतो.

जागेचा धडा मला माझ्या गावानं दिला. आमचं गाव कऱ्हाड. उत्तरेकडून येणारी कृष्णा आणि दक्षिणेकडून येणारी कोयना तिथे समोरासमोर भेटतात आणि मिळून पूर्वेला वळतात. प्रीतिसंगमावरून निघायचं आणि सदाशिवगडावर चढायचं, एवढीच माझ्या गेमची गोष्ट आहे. डोंगर मात्र मला खरे हवे होते. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अंतराळयानातून रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली गेली. ते आकडे आज कुणालाही मोफत मिळतात. एक अंश लांब आणि एक अंश रुंद अशा एका तुकड्यात ३६०१ गुणिले ३६०१, म्हणजे जवळपास १ कोटी ३० लाख बिंदू असतात, आणि शेजारच्या दोन बिंदूंत साधारण ३० मीटर अंतर. एवढ्या अंतरात सह्याद्रीचा कातळकडा हरवून त्याची सौम्य उतरण होते, ती पुन्हा हातानं तासावी लागते. शिवाय या बिंदूंचे त्रिकोण होतात अडीच कोटींच्या वर, आणि हाताशी १६ मिलिसेकंद. म्हणून जवळची टेकडी बारीक त्रिकोणांनी काढायची, लांबची मोठ्यांनी, आणि पाठीमागची काढायचीच नाही. पाहणारा जिथे वळेल तिथेच डोंगर उभा करायचा.

हा नकाशा मी एकदा शनिवारवाडा शून्य धरून मांडून पाहिला. संगणकात दशांश ठेवण्याच्या ३२ बिटांच्या नेहमीच्या पद्धतीत साधारण सात अंक नेमके राहतात. शून्यापासून जितकं दूर जावं, तितकी दोन शेजारच्या आकड्यांतली फट रुंदावते. १३१ किलोमीटरच्या पलीकडे ती दीड सेंटीमीटरहून मोठी होते, आणि शनिवारवाड्यापासून दक्षिणेला कऱ्हाड त्या रेषेपलीकडे येतं. त्यामुळे पुण्यात नितळ डुलणारं गवताचं पातं कऱ्हाडच्या घाटावर गचके खात हलतं. यावरचा प्रचलित उपाय मला फार आवडतो. शून्य खेळणाऱ्याच्या पायाशी ठेवायचं, आणि तो चालेल तसं जग त्याच्याभोवती सरकवायचं. अंकांचा नेमकेपणा शून्याजवळ सर्वाधिक असतो हे वाक्य पाठ्यपुस्तकात होतं, त्याचा अर्थ मला घाटावर कळला.

वळण्याची गोष्ट याहून जुनी आहे. कॅमेऱ्याचं वळणं तीन कोनांत मांडलं, तर सरळ वर पाहताना तीनपैकी दोन आस एकावर एक येतात आणि वळण्याची एक दिशाच नाहीशी होते. यातून सोडवणारं गणित विल्यम रोवन हॅमिल्टन यांना १६ ऑक्टोबर १८४३ रोजी डब्लिनमध्ये रॉयल कालव्याच्या काठानं पत्नीबरोबर चालताना सुचलं. तीन-तीन संख्यांचा गुणाकार कसा करायचा हे त्यांना कित्येक वर्षं छळत होतं. संख्या चार हव्यात, हे त्यांना त्या क्षणी दिसलं, आणि त्यांनी ते सूत्र ब्रूम पुलाच्या दगडावर कोरलं. त्या चार संख्यांनी चलच्चित्रांतलं वळणं किती सुरळीत होतं, हे केन शूमेक यांनी १९८५ साली, १४२ वर्षांनी, दाखवून दिलं. हॅमिल्टननी ज्या कामाची कल्पनाही केली नसेल, ते त्यांचं सूत्र माझ्या लॅपटॉपवर करतं. सदाशिवगडाच्या पायथ्याशी उभं राहून मान वर केली की कॅमेरा अडत नाही, ही त्यांची देणगी.

स्पर्शाचा प्रश्न आधी मोजणीचा असतो. जगात हजार वस्तू असतील, तर कोण कुणावर आदळलं हे पाहण्यासाठी ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतात, आणि त्याही सेकंदाला ६० वेळा, म्हणजे जवळजवळ तीन कोटी प्रश्न. म्हणून जगाचे चौकोन पाडायचे आणि शेजाऱ्यांनाच एकमेकांविषयी विचारायचं. उरलेल्या जोड्यांसाठी गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती या तिघांनी १९८८ साली मांडलेली रीत आजही वापरात आहे. फुगीर, आत न दबलेल्या दोन आकारांची एका खास अर्थानं वजाबाकी करायची. जो तिसरा आकार तयार होतो, त्याच्या पोटात शून्यबिंदू असेल तर ते दोन आकार एकमेकांत शिरलेले आहेत. दोन दगड लागले का, या प्रश्नाचं उत्तर एका बिंदूच्या ठावठिकाण्यात असतं. हे पहिल्यांदा वाचून मी वही मिटली आणि मेसच्या वाटेनं त्याचाच विचार करत गेले.

उजेडाजवळ मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं. प्रकाश तिरपा पडला की पृष्ठभाग मंद दिसतो, आणि किती मंद हे त्या कोनावरून ठरतं, हा नियम योहान लँबर्ट यांनी १७६० साली मांडला. त्यावर उभी राहिलेली रीत बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी विद्यार्थ्याची. १९७३ साली युटा विद्यापीठातल्या प्रबंधात त्यानं उजेडाचे तीन भाग वेगळे केले: सगळीकडे पसरलेला अंधुक उजेड, लँबर्टच्या नियमानं पडणारा उजेड, आणि चकचकीत वस्तूवर डोळ्यात भरणारा तो तेजस्वी ठिपका. शोधनिबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी, ऐन तिशीत, तो गेला. आज जगात कुठेही कुणी इंजिन शिकायला बसलं, की पहिला उजेड बहुधा फोंगच्याच रीतीनं पाडतं. माझ्या शेडरमधल्या त्या चार ओळींनी कृष्णेच्या पाण्यावर सूर्य चमकला, तेव्हा मला सूत्राच्या जागी एक माणूस दिसला. माझ्याहून फारसा मोठा नसताना त्यानं हे जगाला देऊन ठेवलं होतं.

मग अक्षरं आली. गेमच्या सुरुवातीला ठिकाणाचं नाव दाखवायचं होतं: प्रीतिसंगम, कऱ्हाड. इंग्रजी अक्षरं ओळीनं एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरी तशी मांडून चालत नाही. 'प्रीतिसंगम' संगणकात दहा संकेतांकांत साठवलेला असतो: प, हलन्त, र, दीर्घ ईकार, त, ऱ्हस्व इकार आणि पुढे. ते क्रमानं काढले तर प आणि र सुटे पडतात, आणि ऱ्हस्व इकार त-च्या मागे जाऊन बसतो. लिहिताना तो त-च्या आधी येतो, उच्चारताना नंतर. साठवण उच्चारानुसार असते, चित्र लेखनानुसार. 'दुर्ग' लिहिताना र रफार होऊन ग-च्या डोक्यावर चढतो. आणि कऱ्हाडमधल्या ऱ्ह-ला तो रफार चालत नाही, त्याला पापणीसारखा आडवा र लागतो आणि त्याची सोय वेगळी करावी लागते. शाळेत बाई फळ्यावर हे सगळं वळवून दाखवत, तेव्हा त्यात इतके नियम दडलेले आहेत असं कधी वाटलं नव्हतं.

हे काम करणारी हार्फबझ नावाची खुली लायब्ररी आहे. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस, सगळे तिच्यावर विसंबतात. मी ती इंजिनाला जोडली आणि 'कऱ्हाड' पडद्यावर नीट उमटलं. गोडोमध्येसुद्धा अशा लिपींचा खरा आधार २०२३ साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत आला. आपल्या भाषेतले गेम इतके कमी का, याच्या कारणांत बाजार असेल, पैसा असेल. पण आपली लिपी नीट न उमटवणारी साधनं हेही एक कारण आहे, आणि ते दूर करणं प्रोग्रामरच्या हातात आहे. कृष्णाकाठचं पाणी काढून झाल्यावर त्यावर गावाचं नाव मोडकं दिसलं असतं, तर मला ते सहन झालं नसतं.

आणि हे सगळं १६ मिलिसेकंदांत बसवायचं, म्हणजे माहिती कुठे ठेवायची याचाही विचार आला. प्रोसेसरच्या अगदी जवळच्या कॅशेतून आकडा उचलायला साधारण एक नॅनोसेकंद लागतो, रॅमपर्यंत जाऊन आणायला शंभराच्या घरात. हाताशी मिसळणाचा डबा असणं आणि चिमूटभर मोहरीसाठी दर वेळी वाण्याकडे जाणं, एवढा हा फरक आहे. प्रोसेसर एका वेळी ६४ बाइट उचलतो. म्हणून एकत्र लागणाऱ्या गोष्टी एकत्र, ओळीनं ठेवायच्या. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात याद्या आणि झाडं स्वतंत्र प्रश्नांत भेटली होती. त्यांपैकी कुणाला कुठे बसवायचं, हे इथे घड्याळ शिकवतं.

याच काळात मी डूम वाचला. डिसेंबर १९९३मध्ये आलेला हा गेम ४ एमबी रॅमवर चालायचा, आणि १९९७च्या डिसेंबरात त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. कुठल्या भिंती आधी आणि कुठल्या नंतर, हे ठरवायला जॉन कार्मॅक यांनी जी झाडाची रचना वापरली, ती फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८०च्या शोधनिबंधातली. एक बावीसतेवीस वर्षांचा प्रोग्रामर विद्यापीठातला शोधनिबंध वाचतो, तो घरगुती संगणकावर पळवून दाखवतो, आणि काही वर्षांनी आपलं काम सगळ्यांपुढे उघडं ठेवतो. चांगली परंपरा कशी चालते, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता कोड लिहून देणारी साधनंही आली आहेत. लूप मागा, शेडर मागा, क्षणात मिळतं. मीही ती वापरते. पण पडदा काळा राहतो, गवत गचके खातं, चेंडू भिंतीपलीकडे जातो, तेव्हा नेमकं काय विचारायचं हे ज्याला खालचं ठाऊक आहे त्यालाच सुचतं. साधन जितकं समर्थ होईल, तितकी ही समज जास्त लागेल, असं माझं मत आहे.

आमच्या अभ्यासक्रमात या सगळ्याचे तुकडे आहेतच. ब्रेझेनहॅम यांनी १९६२ साली आयबीएममध्ये नुसत्या पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीनं रेघ काढायची रीत शोधली. ती आम्ही जर्नलात उतरवली, ओरलला सांगितली. मॅट्रिक्स एका सत्रात, ऑपरेटिंग सिस्टीम दुसऱ्यात, प्रत्येक विषयाची वेगळी फाइल. सबमिशन झालं की फाइल मिटते. इंजिन लिहिताना त्या सगळ्या फाइली एकदम उघडाव्या लागल्या, आणि हे विषय एकमेकांना ओळखतात हे मला तेव्हा दिसलं. त्याचे गुण कुठल्याच गुणपत्रिकेत येणार नाहीत, तरी गेल्या चार वर्षांतलं माझं खरं शिक्षण मी त्यालाच म्हणते.

माझं इंजिन बाजारात जाणार नाही. गोडोची बरोबरी ते कधी करणार नाही, आणि त्यानं ती करावी अशी माझी इच्छाही नाही. पण त्यातली वेळ, जागा, स्पर्श आणि उजेड कुठून येतात, हे मला शेवटच्या ओळीपर्यंत माहीत आहे. संगणक शिकणाऱ्या प्रत्येकानं निदान एक गोष्ट अशी तळापर्यंत जाऊन बांधावी, असं मला वाटतं. इंजिन नको असेल तर छोटा कंपायलर लिहा, फाइल सिस्टीम लिहा, आपल्या लिपीसाठी काहीतरी लिहा. शिक्षकांना विनंती एवढीच, की असा प्रकल्प घेऊन कुणी आलं तर त्याचा उपयोग काय हे नंतर विचारा. आधी ते कसं चालतं ते विचारा, आणि उत्तर पूर्ण ऐका. आणि ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी डोंगराचा विचार आत्ता बाजूला ठेवावा. आधी एक त्रिकोण काढा.